बेडझेड : आपल्याच वयाची एक वसाहत

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला बजावलं होतं, "काका, आठवणी नकोत. आठवणींचे अकरा लेख आलेत. काहीतरी माहितीपर द्या." आता सोसायटीच्या जुन्या सेक्रेटरीने आठवणी टाळून लिहायचं तरी काय? दोन दिवस विचार करत होतो. मग गेल्या महिन्यातली विशेष सर्वसाधारण सभा आठवली आणि विषय मिळाला.

त्या सभेला तुमच्यापैकी बरेच जण होते. पुनर्विकासाचा प्रस्ताव घेऊन एका बिल्डरची माणसं आली होती. आपली इमारत जेमतेम २५ वर्षांची. पण समोरचा रस्ता रुंद झाला, एफएसआय वाढला, तेव्हा विचारणा येणारच. त्यांनी वाटलेल्या गुळगुळीत पुस्तिकेत पानोपानी हिरवं पान छापलेलं होतं आणि त्याखाली 'नेट झिरो होम्स', 'लो कार्बन लिव्हिंग' असे शब्द. सादरीकरण संपल्यावर सी विंगच्या काकूंनी हात वर करून विचारलं, "हा कार्बन म्हणजे नक्की काय, आणि तो मेंटेनन्समध्ये धरलाय का?" सगळे हसले. बिल्डरची माणसंही हसली. उत्तर मात्र कुणी दिलं नाही.

काकूंचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. जगात ज्यांनी ज्यांनी अशी घरं मनापासून बांधायचा प्रयत्न केला, त्या सगळ्यांना शेवटी याच प्रश्नापाशी यावं लागलं. त्यातल्या एका वसाहतीचा इतिहास मी इथे सांगणार आहे. वसाहत लंडनमधली, पण वयाने आपल्याच बरोबरीची. २००० साली आपल्याकडे भूमिपूजनाचा नारळ फुटला, त्याच सुमारास तिकडे बांधकाम सुरू झालं, आणि २००२ मध्ये तिथे माणसं राहायला आली. तिचं नाव बेडझेड.

आधी काकूंच्या प्रश्नाचा पहिला भाग. घराचा कार्बन दोन प्रकारचा असतो. एक रोजचा. लिफ्ट, पाण्याचा पंप, गीझर, एसी हे सगळं विजेवर चालतं, आणि आपली बरीचशी वीज कोळसा जाळून येते. आपल्या ग्रिडवरचं एक युनिट वापरलं की साधारण पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेला असं धरायला हरकत नाही. दुसरा कार्बन बांधकामाचा. सिमेंट, सळई, विटा, काच आणि त्यांची ने-आण. सिमेंट करताना चुनखडी भाजावी लागते. भट्टीच्या इंधनाचा धूर तर होतोच, शिवाय खुद्द चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा आहे. पहिला कार्बन दर महिन्याच्या बिलात दिसतो. दुसरा कुठल्याच बिलात दिसत नाही, कारण आपण कलश घेऊन घरात पाऊल टाकतो त्याआधीच तो खर्च झालेला असतो.

आता बेडझेड. पूर्ण नाव 'बेडिंग्टन झिरो एनर्जी डेव्हलपमेंट'. दक्षिण लंडनच्या सटन भागात हॅकब्रिज नावाचं छोटं रेल्वे स्टेशन आहे, तिथून चालत जाता येतं. माझी मुलगी काही वर्षं त्या बाजूला राहत होती. २०१४ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा जावई म्हणाले, "बाबा, तुम्ही इंजिनिअर माणूस. राजवाडे-बिजवाडे नंतर बघू, आधी हे बघा." स्टेशनवरून थोडं चाललो आणि घरांच्या छपरांवर लाल, पिवळी, निळी, हिरवी टोपडी दिसायला लागली. बाळाच्या डोक्यावर असतात तशीच. वाऱ्याची दिशा बदलली की सगळी एकदम मान वळवायची. आमच्या सौ. म्हणाल्या, "कुणीतरी बोलावल्यासारखी बघतात की!"

या वसाहतीची सुरुवात एका ऑफिसच्या शोधातून झाली. १९९४ साली सू रिडलस्टोन आणि पूरन देसाई यांनी 'बायोरिजनल' नावाची पर्यावरणाचं काम करणारी संस्था काढली. तिला स्वतःच्या तत्त्वांत बसेल अशी जागा हवी होती. त्यांची गाठ बिल डन्स्टर या आर्किटेक्टशी पडली. डन्स्टर यांनी १९९५ मध्ये लंडनजवळ ईस्ट मोलेझी इथे स्वतःसाठी सूर्याच्या उष्णतेवर भिस्त ठेवणारं घर बांधलं होतं, 'होप हाउस' नावाचं. एक घर होतं तर शंभर का नाही, असा विचार पुढे आला. प्रश्न होता पैशाचा आणि जागेचा. पैशाच्या बाजूने 'पीबडी ट्रस्ट' उभा राहिला. जॉर्ज पीबडी या अमेरिकन सावकाराने १८६२ मध्ये लंडनच्या गरिबांना धड घरं मिळावीत म्हणून स्थापन केलेली ही गृहनिर्माण संस्था. जागा सटन नगरपालिकेची होती, पूर्वी मैलापाणी प्रकल्पासाठी वापरलेली. नगरपालिकेने ती बाजारभावापेक्षा कमी किमतीत दिली, कारण होणारा पर्यावरणाचा फायदा त्यांनी किमतीत मोजला. एखादी नगरपालिका स्वच्छ हवेला व्यवहारात मोल देते, हे मला आजही विशेष वाटतं.

सुमारे १०० घरं बांधायची ठरली आणि त्याच आवारात कामाच्या जागाही. साधारण निम्मी घरं बाजारभावाने विकली, उरलेली निम्मी अंशतः मालकीवर आणि कमी भाड्यावर. म्हणजे ही श्रीमंतांची हौस नव्हती. शेजारी शेजारी वकील आणि बसचालक राहू शकतील अशी रचना होती. अभियांत्रिकीचं काम 'अरुप' या नामांकित कंपनीकडे होतं.

बांधणीत काय केलं? सगळ्या घरांच्या ओळी दक्षिणेकडे तोंड करून. लंडन आपल्यापेक्षा खूप उत्तरेला, त्यामुळे हिवाळ्यातला सूर्य तिथे दिवसभर दक्षिणेला, खालून तिरपा येतो. त्याचं ऊन पकडायला प्रत्येक घराला पुढच्या बाजूला काचेची खोली दिली. भिंतींमध्ये तब्बल ३०० मिलिमीटर जाडीचा उष्णतारोधक थर, म्हणजे आपली फूटपट्टी उभी धरली तर तेवढा. खिडक्यांना तिहेरी काचा. छताचं काँक्रीट मुद्दाम उघडं ठेवलेलं, म्हणजे ते दिवसा ऊब शोषून घेतं आणि रात्री सोडतं. उत्तरेच्या बाजूला ऑफिसं आणि त्यांच्या छपरांवर मातीच्या बागा, वरच्या घरांतून छोट्या पुलावरून तिथे जाता येतं. आणि ती रंगीत टोपडी? घर इतकं घट्ट बंद केलं तर हवा खेळणार कुठून, त्याचा तो उपाय. एका तोंडाने ताजी थंड हवा आत येते, दुसऱ्याने घरातली कोंदट पण उबदार हवा बाहेर जाते. जाता जाता तिची बरीचशी ऊब आत येणाऱ्या हवेला मिळते. पंखा नाही, मोटर नाही, वीज नाही. नुसता वारा.

सामानाचाही हिशोब ठेवला. निम्म्याहून अधिक सामान ३५ मैलांच्या, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटरच्या आतून आणलं. इमारतीच्या सांगाड्याचं जवळजवळ सगळं पोलाद जुनं वापरलं. त्यातलं बरंचसं ब्रायटन रेल्वे स्टेशनच्या दुरुस्तीत निघालेलं होतं. आपल्याकडे जुन्या वाड्याच्या तुळया नव्या घरात वापरत असत, तसंच. आपले आजोबा-पणजोबा हे करताना त्याला 'लो कार्बन' म्हणत नव्हते, काटकसर म्हणत होते.

यापुढचा भाग मात्र यंत्रांचा आहे.

वसाहतीच्या एका टोकाला इंजिनघर बांधलं होतं. लंडनच्या रस्त्यांवरची झाडं छाटली की लाकडाचा कचरा निघतो. त्याच्या ढलप्यांपासून वायू तयार करायचा, त्यावर इंजिन चालवायचं, वीज मिळवायची आणि इंजिनच्या उष्णतेवर सगळ्या घरांना गरम पाणी द्यायचं. बेडझेडच्या नावातलं 'झिरो' या यंत्रावर उभं होतं. शेजारी सांडपाणी वनस्पतींच्या मदतीने शुद्ध करून पुन्हा फ्लशला वापरणारा प्रकल्प होता.

दोन्ही बंद पडले.

लाकडाच्या वायूत डांबर धरायचं, इंजिन अडायचं. रोज बंद-चालू करणं त्याला मानवलं नाही. असं यंत्र देशात फार ठिकाणी नव्हतं, त्यामुळे ते जाणणारे कारागीरही हाताशी नव्हते. २००५ मध्ये ते कायमचं बंद केलं आणि गरम पाण्यासाठी साधे गॅसचे बॉयलर बसवले. बऱ्याच वर्षांनी लाकडाच्या गोळ्यांवर चालणारा साधा बॉयलर आला, तो टिकला. सांडपाण्याचा प्रकल्प चालवायला एवढ्याशा वसाहतीला परवडेना, आणि त्यालाच वीज फार लागे. तोही थांबला. ज्यांना असल्या गोष्टींची टर उडवायची असते त्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं.

पण या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. यंत्रं थांबल्यावर बायोरिजनलने घरोघरी मोजणी केली आणि निकाल स्वतःच प्रसिद्ध केले, फसलेलं सगळं धरून. २००७ च्या मोजणीत सटनमधल्या सरासरी घराच्या तुलनेत बेडझेडच्या घरांना ऊब देण्यासाठी ८१ टक्के कमी ऊर्जा लागत होती आणि वीज ४५ टक्के कमी. इंजिनघर थंड पडलं होतं, तरी! कारण जाड भिंत बंद पडत नाही. दक्षिणेचं ऊन बिघडत नाही. टोपड्याला वार्षिक करार लागत नाही. ज्या गोष्टी घराच्या अंगातच होत्या त्या टिकल्या. ज्यांना रोज कुणीतरी लक्ष द्यायला हवं होतं, त्या लक्ष द्यायला कुणी नसल्याने गेल्या.

सगळं गोड होतं असंही नाही. उन्हाळ्यात काचेच्या खोल्या तापतात अशी तक्रार तिथल्या रहिवाशांनी केली. एकसारख्या दोन घरांच्या विजेच्या बिलांत मोठा फरक पडतो हेही दिसलं, शेवटी बटण दाबणारा हात माणसाचाच. पण त्याच पाहणीतला एक आकडा मी परत आल्यावर सगळ्यांना सांगत असे. बेडझेडमधला माणूस सरासरी २० शेजाऱ्यांना नावाने ओळखत होता. आजूबाजूच्या वस्तीत ही संख्या आठ होती.

आम्ही गेलो तेव्हा वसाहत दाखवणाऱ्या बाईंनी आम्हाला एका घराच्या स्वयंपाकघरात नेलं. तिथे भिंतीत, काचेमागे, सहज दिसेल असे विजेचे आणि पाण्याचे मीटर लावलेले. चहाला आधण ठेवलं की आकडा पळताना दिसतो. आपले मीटर कुठे आहेत? जिन्याखालच्या कुलूपबंद खोलीत. किल्ली वॉचमनमामांकडे. मग त्या बाईंनी बंद पडलेलं इंजिनघर दाखवलं आणि कसलाही आडपडदा न ठेवता म्हणाल्या की बसवण्याचा विचार आम्ही खूप केला, चालवण्याचा पुरेसा केला नाही. सौ.नी माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

त्यांनी का बघितलं ते आता लिहून टाकतो. आठवणी नकोत असं संपादकांनी सांगितलं होतं, पण ही आठवण म्हणून नाही, कबुली म्हणून छापावी.

नवीन रहिवाशांना कदाचित ठाऊक नसेल, आपल्या गच्चीवर २००३ मध्ये सगळ्या ४८ घरांसाठी सोलरचे गरम पाण्याचे संच बसवले होते. वर्गणी काढून. त्या वर्षीच्या दिवाळीला गच्चीवर त्यांची पूजा झाली होती, पेढे वाटले होते. पुढे महापालिकेने मिळकत करात सवलत सुरू केली तीही आपल्याला मिळाली. सकाळी नळ सोडला की कढत पाणी. बोअरच्या पाण्यात क्षार फार, म्हणून दरवर्षी नळ्या साफ कराव्या लागत. त्याचा वार्षिक करार होता १४ हजार रुपयांचा. २००९ मध्ये मी सेक्रेटरी होतो. लिफ्टचं मोठं काम निघालं होतं, पैसे अपुरे पडत होते. मी सोलरचा करार नूतनीकरणातून वगळला. एक वर्ष नाही केलं तर काय बिघडतं, असा विचार केला. वार्षिक सभेत खर्च वाचवल्याबद्दल माझं अभिनंदन झालं. इतिवृत्तात तसा ठराव आहे, सूचक आणि अनुमोदकाच्या सह्यांसकट.

दोन वर्षांत नळ्या क्षाराने बुजल्या. एकेका घराने गीझर घेतला. १४ हजार वाचले आणि ४८ घरांनी मिळून दोन-अडीच लाखांचे गीझर आणले. एका घरात दिवसाला गीझरचं एक युनिट धरा, वर्षातले ३०० दिवस धरा. ४८ घरांची मिळून १४,४०० युनिटं होतात. युनिटला पाऊण किलो या हिशोबाने दहा टनांच्या वर कार्बन, दरवर्षी. २०११ पासून आजवर जवळपास १५० टन. माझ्या एका सहीचा.

म्हणून इंजिनघर बंद पडल्याबद्दल बेडझेडला हसणाऱ्यांत मी कधी सामील झालो नाही.

आता या इतिहासातला कंपन्यांचा आणि सरकारचा भाग. बेडझेड बघायला जगभरातून माणसं आली. बेंगळुरूच्या व्हाइटफिल्ड भागात 'टी-झेड' नावाची वसाहत उभी राहिली, तिच्या नावातच या कल्पनेचा पडसाद आहे. ब्रिटनमध्ये डिसेंबर २००६ मध्ये सरकारने जाहीर केलं की २०१६ पासून देशात बांधलं जाणारं प्रत्येक नवं घर शून्य-कार्बन असेल. घरांना एक ते सहा असे दर्जे देणारी संहिता आली. मोठमोठ्या घरबांधणी कंपन्या कामाला लागल्या. 'बॅरट' या बड्या कंपनीने ब्रिस्टलजवळ हॅनम हॉल इथे जुन्या इस्पितळाच्या आवारात अशी वसाहत बांधायला घेतली. कंपन्यांनी माणसं शिकवली, नवं सामान शोधलं, पैसा घातला.

मग व्याख्या पातळ व्हायला लागली. २०११ मध्ये ठरलं की घरातला टीव्ही, फ्रिज, स्वयंपाक यांची वीज या शून्यात मोजायची नाही. शब्द तोच राहिला, आतला माल कमी झाला. आणि जुलै २०१५ मध्ये, मुदतीला काही महिने उरलेले असताना, सरकारने धोरणच गुंडाळलं. कारण दिलं की घरं लवकर बांधली जायला हवीत, नियमांचं ओझं नको. दोनशेहून अधिक कंपन्या आणि संस्थांनी अर्थमंत्र्यांना पत्र लिहून विरोध केला. त्यांचं म्हणणं साधं होतं. तुमच्या शब्दावर विसंबून आम्ही पैसा घातला. नऊ वर्षं सांगत आलात आणि आता मागे फिरता?

या सगळ्यात एका प्रकल्पाने बेडझेडचा धडा नीट गिरवला असं मला वाटतं. ब्रायटन स्टेशनच्या शेजारीच, रेल्वेच्या जुन्या जागेवर, 'वन ब्रायटन' नावाची १७२ फ्लॅटची इमारत २०१० च्या सुमारास पूर्ण झाली. ज्या स्टेशनचं जुनं पोलाद बेडझेडला गेलं होतं, तेच हे स्टेशन. 'क्रेस्ट निकल्सन' ही घरबांधणी कंपनी आणि बायोरिजनलची भागीदार कंपनी यांचं हे संयुक्त काम. इथे अवघड यंत्रं टाळली. भाजलेल्या मातीच्या पोकळ विटांच्या भिंती, सिमेंटच्या काही भागाऐवजी पोलाद कारखान्यातला स्लॅग वापरलेलं काँक्रीट, लाकडावर चालणारा साधा बॉयलर, गच्चीवर भाजीचे वाफे. आणि एक गोष्ट बेडझेडमध्ये सुरुवातीला पुरेशी नव्हती ती इथे होती, पगारी माणूस. त्याला 'ग्रीन केअरटेकर' म्हणतात. कचरा, बॉयलर, दिवे, नवा रहिवासी आला की त्याला सगळं समजावून सांगणं, हे त्याचं काम. त्याचा पगार इमारतीच्या देखभाल खर्चातच धरलेला.

सी विंगच्या काकू, तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग आठवा. 'तो मेंटेनन्समध्ये धरलाय का?' ब्रायटनच्या लोकांनी धरला होता.

हे सगळं पुण्यात जसंच्या तसं चालणार नाही. लंडनला ऊब हवी, आपल्याला सावली. तिकडची काचेची खोली इथे बांधली तर एप्रिलमध्ये तिच्यात पापड वाळतील. आपल्याकडे पश्चिमेची भिंत तापते, डी विंगला विचारा. तिथे कुठल्याही घरी संध्याकाळी सहाला भिंतीला हात लावून बघा. आपल्याला हवेत खोल छज्जे, पश्चिमेला कमी काच, उष्णता अडवणाऱ्या भिंती, गच्चीवर पांढरा लेप आणि आरपार वारा. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' आणली. तिच्यात पुण्यासारख्या हवामानासाठी एक मर्यादा दिली आहे. छत सोडून भिंती-खिडक्यांमधून घरात शिरणारी उष्णता सरासरी चौरस मीटरला १५ वॉटपेक्षा जास्त नसावी. कुठलाही बिल्डर 'लो कार्बन' म्हणाला की त्याला हा एक आकडा विचारायचा. हिरवं पान छापायला काही लागत नाही, हा आकडा काढायला मात्र इंजिनिअर लागतो.

पुनर्विकासाच्या बाजूने मत द्या किंवा विरुद्ध द्या, असं मी सांगणार नाही. आमच्या घरातच दोन मतं आहेत. सौ.ना मोठी लिफ्ट हवी आहे, त्यांच्या गुडघ्यांचा विचार केला तर त्यांचं बरोबर आहे. पण सभेत पुन्हा बसू तेव्हा पुढच्या चार गोष्टी विचाराव्यात, आणि उत्तरं करारनाम्यात घालून घ्यावीत, पुस्तिकेत नव्हे.

पहिली. ही इमारत पाडल्यावर निघणाऱ्या सळया, दरवाजे, ग्रिल, विटा यांचं काय होणार? किती पुन्हा वापरणार? २५ वर्षांपूर्वीचं आपलं सिमेंट जाळून झालेलंच आहे. पाडलं की तो कार्बन वाया, आणि नवा पुन्हा नव्याने. इमारत दुरुस्त करून आणखी ३० वर्षं टिकणार असेल तर त्याचाही हिशोब मांडावा.

दुसरी. वीज वाचवणाऱ्या कुठल्या गोष्टी घराच्या अंगात आहेत आणि कुठल्या यंत्रात? भिंत, छज्जा, खिडकी आधी. यंत्र नंतर.

तिसरी. जी यंत्रं आहेत ती कोण चालवणार, किती वर्षं आणि कोणाच्या पैशाने? ताबा दिल्यानंतर पाच वर्षांनी बिल्डरचा फोन उचलणारा कोण?

चौथी. राहायला गेल्यावर दोन वर्षांनी विजेचा आणि पाण्याचा वापर मोजून सगळ्यांसमोर ठेवणार का? बेडझेडने ठेवला. लाज वाटण्यासारखं होतं तेही ठेवलं. म्हणूनच पुढच्यांना शिकता आलं.

आणि समजा मतदान विरुद्ध गेलं, आपण इथेच राहिलो, तरी चारपैकी दोन प्रश्न आपल्याला स्वतःलाच लागू आहेत. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत २०२४ पासून सोसायट्यांना सामाईक विजेसाठी किलोवॉटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे. लिफ्ट आणि पंपाचं बिल त्यात उतरू शकतं. कमिटीतल्या तरुण मंडळींनी त्याची चौकशी सुरू केली आहे, त्यांचं कौतुक. माझी एकच विनंती. पॅनल बसवण्याच्या ठरावातच देखभालीची रक्कम लिहा, आणि सेक्रेटरीला ती एकट्याने वगळता येऊ नये अशी अट घाला. असल्या सेक्रेटरीला मी फार जवळून ओळखतो.

बेडझेडची टोपडी अजून फिरत असतील. इंजिनघराचा त्यांच्याशी काही संबंध नव्हताच.

आपल्या गच्चीवर मी परवा जाऊन आलो. जुन्या संचांपैकी बरेच गंजलेत, पण ए विंगच्या टाकीजवळचे चार बाहेरून शाबूत दिसतात. स्मरणिका प्रकाशनानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी आठला प्लंबरला बोलावलं आहे. नळ्यांतला क्षार निघतो का ते पाहू. निघाला तर वॉचमनमामांच्या खोलीला आणि खालच्या दोन आजी-आजोबांच्या घरांना तरी सकाळी गरम पाणी मिळेल. नाही निघाला, तर संच भंगारात घालून जागा मोकळी करू, नव्या पॅनलला लागेलच. त्या दिवसाचा खर्च माझा, १४ हजारांतून वजा धरावा. ज्यांना यायचं त्यांनी यावं. चहा आमच्याकडे, गॅसवरचाच.